हर्नियाची जाळी आणि आमचा पीपी दाणा

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत हे सगळ्यांना माहिती, पण बाहेरच्यांना फक्त रंगीत चटया दिसतात, आमचं मात्र सगळं पीपीभोवती फिरतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दाणा आला, मास्टरबॅच मिसळला, एक्स्ट्रूडरमधून तार ओढली, पाण्यात थंड केली, लूमवर चढवली. मी क्वालिटीला आहे, त्यामुळे जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) किती, तार किती जाड, ताण दिला की कुठं तुटते हे रोजचंच. तर सर्जन जेव्हा म्हणाले की उजव्या जांघेत हर्निया आहे, म्हणजे पोटाची भिंत तिथं कमजोर होऊन आतलं बाहेर येतंय, जाळी बसवावी लागेल आणि ती जाळी पॉलिप्रॉपिलीनची असते, तेव्हा ऑपरेशनची भीती बाजूलाच राहिली, डोक्यात एकच आलं की हे आपलंच पीपी आयुष्यभर शरीरात ठेवणार? कारण साधी चटई जळगावच्या उन्हात एक-दोन उन्हाळे गच्चीवर राहिली की हाताने भुगा होते, ते मी किती वेळा बघितलंय.

गाठ लक्षात आली दाण्याची २५ किलोची गोणी उचलताना. आडवं झालं की आत जायची, खोकला आला की परत बाहेर. डॉक्टरांनी उभं करून खोकायला लावलं, बोट ठेवलं आणि लगेच सांगितलं इन्ग्वायनल, म्हणजे जांघेतला हर्निया, सोनोग्राफी नुसती खात्रीसाठी. त्रास नसेल तर थांबलं तरी चालतं असंही सांगितलं, २००६ ला अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता त्यात कमी त्रास असलेल्या पुरुषांमध्ये आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनपेक्षा कमी निघालं. पण माझं काम दिवसभर उभ्याचं, दुपारनंतर ठणका लागायचा, म्हणून करून टाकायचं ठरलं. साखर जास्त निघाली तर आधी ती खाली आणा म्हणाले, कारण साखर वाढलेली असली आणि तंबाखू चालू असली की जखमेत इन्फेक्शनची शक्यता वाढते, आणि जाळीला इन्फेक्शन झालं तर ते नुसत्या जखमेच्या इन्फेक्शनपेक्षा फार किचकट प्रकरण. तंबाखूला मी हात लावत नाही, साखरेसाठी मात्र जेवण बदललं, रोज संध्याकाळी चालायला लागलो.

घरी सांगितलं तर माय पहिल्यांदा म्हणाली, "ती जायी पोटमा सडी जाई का रे भाऊ?" म्हणजे ती जाळी पोटात सडेल का. मला वाटतं हाच खरा प्रश्न आहे आणि माझाही तोच होता, फक्त मी यूव्ही, ऑक्सिडेशन असे शब्द लावून विचारला. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं कागदावर प्रश्न लिहूनच गेलो. त्यांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली, वर कपाटातून मुदत संपलेल्या दोन जाळ्या काढून माझ्या हातात दिल्या, म्हणाले भाऊ, तुम्ही या धंद्यातले, तुम्हीच बघा.

त्या जाळ्या मी कारखान्यात नेल्या. साईज दोन्हींची १५ बाय साडेसात सेंटीमीटर, म्हणजे साधारण सहा बाय तीन इंच. एक जुन्या पद्धतीची, हाताला करकरीत लागणारी, कडा टोचणारी. वजनकाट्यावर ठेवली तर एक ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे हिशोब केला तर ८५-९० जीएसएम. दुसरी मऊ, मुठीत दाबली तर पडून राहणारी, वजन निम्मंच. ट्यूबलाईटसमोर धरून भिंगातून बघितली तेव्हा कळलं की ही आमच्या चटईसारखी आडवी-उभी विणलेली नाही, ही निटिंगची आहे, एकेरी तारांचे फास एकमेकांत अडकवलेले, म्हणून कात्रीने कुठूनही कापली तरी धागा उसवत नाही. जड जाळीची भोकं बारीक, हलकीची चांगली मोठी, दोन-तीन मिलीमीटरची तरी. आमच्याकडं जीएसएम कमी म्हणजे माल हलका, गिऱ्हाईक परत पाठवणार. इथं उलटं आहे, आणि ते का हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. आधी लोकांना वाटायचं जाळी जितकी मजबूत तितकी चांगली. पण पोटाच्या भिंतीवर येणारा ताण मोजला तर हिशोबाने तो जास्तीत जास्त १६ न्यूटन प्रति सेंटीमीटरच्या घरात येतो, आणि जुन्या जड जाळ्या त्याच्या कितीतरी पट जास्त सहन करायच्या. म्हणजे गरज नसलेला माल आत जात होता. आणि शरीराच्या दृष्टीने प्रत्येक जास्तीची तार म्हणजे परकी वस्तू, तिच्याशी झगडा आलाच. जर्मनीत आखेनच्या क्लिंगे, शुम्पेलिक वगैरे सर्जन मंडळींनी शरीरातून काढलेल्या जाळ्या मायक्रोस्कोपखाली बघितल्या, तर प्रत्येक तारेभोवती सुजेच्या पेशींचं एक कडं तयार झालेलं असतं. भोक लहान असलं तर शेजारच्या दोन तारांची कडी एकमेकांना भिडतात आणि जाळीच्या जागी एक सलग कडक पत्रा होतो, तो पुढं आकसतोही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये भोक साधारण १ मिलीमीटरपेक्षा मोठं असेल तर मधे मोकळी जागा उरते आणि तिथं चांगली ऊती भरते, थोडी चरबी, रक्तवाहिन्या, लवचिकपणा टिकतो.

भोकांचा दुसरा हिशोब जंतूंचा. बॅक्टेरिया साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, त्याला खाणारी मॅक्रोफेज पेशी दहा मायक्रॉनपेक्षा मोठी. जाळीत किंवा पिळलेल्या धाग्यात दहा मायक्रॉनपेक्षा लहान फटी असल्या की जंतू आत जाऊन बसतो आणि त्याला पकडणारी पेशी दारातच अडते. ईपीटीएफई नावाचं मटेरियल आहे, टेफ्लॉनच्या घराण्यातलं, त्याच्या फटी अशाच बारीक, म्हणून त्याला इन्फेक्शन झालं तर बहुतेक वेळा काढूनच टाकावं लागतं. मोठ्या भोकांच्या, एकेरी तारेच्या पीपी जाळीला इन्फेक्शन झालं तर कित्येकदा जाळी न काढता औषधं आणि ड्रेसिंगवर निभावतं. ७५ मायक्रॉनपेक्षा मोठी भोकं असलेल्या जाळ्या पहिल्या प्रकारात धरायच्या अशी वर्गवारी १९९७ मध्ये आमिद नावाच्या सर्जननी केली ती याच कारणाने. म्हणजे दाणा एकच असला तरी तो विणला कसा यावर शरीर काय करेल ते ठरतं, आणि हे मला फार पटलं, कारण एकाच दाण्याची एक चटई दहा वर्षं टिकते आणि दुसरी दोन महिन्यांत उसवते हे आम्ही बघतोच की.

आता सडण्याचं. पॉलिप्रॉपिलीन पहिल्यांदा नीट बनवलं इटलीत जुलिओ नाट्टा यांनी १९५४ ला, त्यांना आणि त्सिग्लर यांना १९६३ चं नोबेल मिळालं. हर्नियासाठी १९५८ ला ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी आधी पॉलिइथिलीनची जाळी वापरली आणि काही वर्षांतच विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनवर आले. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ हे मटेरियल माणसांच्या पोटात आहे. बायपासमध्ये रक्तवाहिन्या शिवायला वापरतात तो निळा धागाही पीपीच. पोटात ऊन नाही, त्यामुळे चटईसारखा भुगा होण्याचा प्रश्न नाही. पण मी ऑक्सिडेशनचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले प्रश्न बरोबर आहे, मॅक्रोफेज पेशी परकी वस्तू गिळता आली नाही की तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी रसायनं सोडतात, आणि काढलेल्या काही जाळ्यांवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये बारीक भेगा दिसल्यात. त्या भेगा प्लास्टिकच्या आहेत की त्यावर चिकटलेल्या प्रथिनांच्या थराच्या यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण तोपर्यंत भिंत शरीराने स्वतःच्या कोलॅजनने, म्हणजे ऊतीला मजबुती देणाऱ्या प्रथिनाने, भरलेली असते. माय म्हणाली तशी ती सडत मात्र नाही. हे तिला सांगितलं तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

दाण्याच्या बाबतीत अजून एक. आम्ही रिसायकल दाणा मिसळतो, रंग मिसळतो, फिलर टाकतो, कुठून काय आलं याचा पत्ता नसतो. मेडिकल ग्रेडमध्ये ते चालत नाही. आयएसओ १०९९३ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात तयार माल सलाईनसारख्या द्रवात ठेवून त्यातून काय झिरपतं ते काढतात, तो अर्क जिवंत पेशींवर टाकून पेशी मरतात का बघतात, मग त्वचेला ॲलर्जी होते का, जळजळ होते का, आणि प्राण्यांच्या शरीरात ठेवून आजूबाजूच्या ऊतीत काय होतं तेही. भारतात आता या वस्तू मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ खाली येतात. टेस्ट पॉलिमरची नाही, तयार जाळीची होते, पॅकिंग आणि निर्जंतुक करून झाल्यावरची, कारण इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक केलं तर त्या गॅसचा अंश किती उरला हेही मोजावं लागतं. हे वाचून मला आमच्या लॅबची आठवण झाली, आम्ही फक्त ताण आणि रंग तपासतो.

नात्यात बातमी पसरली तसे सल्ले सुरू झाले. दोंडाईचाकडचे मामा म्हणाले, आमच्याकडं तर डॉक्टर मच्छरदाणीची जाळी बसवायचे, स्वस्तात व्हायचं. मला आधी वाटलं ऐकीव गोष्ट असेल, पण नाही, खरं आहे आणि आपल्या खान्देशाला अभिमान वाटावा असं आहे. दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर, खेड्यातल्या गरीब पेशंटला कंपनीची जाळी परवडायची नाही म्हणून त्यांनी पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचं मच्छरदाणीचं कापड तपासून, धुऊन, निर्जंतुक करून वापरलं, आणि इतर सर्जनांबरोबर त्याचा अभ्यास २००३ ला इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापला. पुढं आफ्रिकेत याच कल्पनेवर काम झालं. युगांडात ३०२ पुरुषांवर केलेली चाचणी २०१६ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली, अर्ध्यांना कंपनीची जाळी, अर्ध्यांना मच्छरदाणीची, वर्षभराने मच्छरदाणीवाल्यांत एकालाच परत हर्निया झाला, दुसरीकडं कुणालाच नाही, त्रासाचं प्रमाण दोन्हीकडं सारखंच. किंमत एकीकडं १२५ डॉलरच्या आसपास, दुसरीकडं एक डॉलर. मी मामांना एवढंच सांगितलं की ही दुकानातून आणून बसवायची गोष्ट नाही, मच्छर मारायचं औषध लावलेलं कापड चालत नाही, आणि पॉलिइथिलीन पीपीपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतं, ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं, तापमान चुकलं तर आकसून जाईल. पण दोंडाईच्यासारख्या गावात बसून एका डॉक्टरने हे केलं याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

जाळीशिवायचे पर्यायही विचारले. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत आहे, २००१ ची, पोटाच्याच स्नायूच्या पडद्याची एक पट्टी वापरून मागची भिंत मजबूत करायची, बाहेरचं काही घालायचंच नाही. कॅनडातली शोल्डाइस पद्धतही जाळीशिवायची. डॉक्टर म्हणाले ज्यांचा हात त्यात बसलाय त्यांच्याकडं त्या चांगल्या होतात, माझा हात जाळीत बसलाय. नुसतं ओढून शिवलं की टाक्यांवर ताण राहतो, जाळीने तो राहत नाही, म्हणून परत हर्निया होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईननेही जाळीलाच पसंती दिलीय. हे सरळ बोलणं मला आवडलं. उदाहरण त्यांनी प्लास्टरचं दिलं, विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथं मिळतात तिथं तडा जाऊ नये म्हणून गवंडी कोंबडी जाळी ठोकतो, भिंत धरतं ते प्लास्टर, जाळी त्याला फुटू देत नाही. इथं प्लास्टर म्हणजे तुमच्या शरीराचं कोलॅजन.

दुखण्याबद्दलही लपवलं नाही. ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला तीन महिन्यांनंतरही थोडंफार दुखणं राहतं, कामात अडथळा येईल इतकं त्याहून कमी लोकांना. त्याला जाळी एकटीच कारण नसते, त्या भागातून तीन नसा जातात, नस टाक्यात किंवा व्रणात अडकली तरी दुखतं, जाळीशिवायच्या ऑपरेशनमध्येही. हलक्या जाळीने आत काहीतरी असल्याची जाणीव जरा कमी होते, पण हलकी म्हणजे सगळीकडं भारी असंही नाही, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हर्नियाचं भोक मोठं असेल तर फार हलकी जाळी फुगून आत घुसू शकते. माझं ओपन होतं, म्हणजे चिरा देऊन जाळी लावायचं, लिक्टेनस्टाइन पद्धतीचं, तिथं मोठ्या भोकांची हलकी जाळी ठरली.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं. आधी अँटिबायोटिक दिलं. मी जागा होतो, पडद्याच्या अलीकडून आवाज ऐकत होतो. एक गोष्ट कान देऊन ऐकली, जाळीचं पाकीट सगळ्यात शेवटी फोडलं. सिस्टरने आधी नाव, साईज, मुदत मोठ्याने वाचली, डॉक्टरांनी हातमोजे बदलले आणि मगच पाकीट उघडायला सांगितलं. जाळी त्वचेला लागू द्यायची नाही, ट्रेमध्ये उगाच पसरून ठेवायची नाही. आपल्याकडं माल कितीही चांगला असला तरी शेवटच्या हाताळणीत घाण होतो, तसं इथं होऊ नये म्हणून ही काळजी.

पुढचे दिवस मात्र कुणी आधी सांगितलं नसतं तर मी घाबरलो असतो. खालपर्यंत काळंनिळं झालं, टाक्यांखाली बोटाएवढी कडक दोरी लागायला लागली, हात लावला तर दगडासारखी. मला वाटलं जाळी गोळा झाली. फोन केला तर डॉक्टर म्हणाले ताप नाही, लाली नाही, पाणी येत नाही ना, मग ते तुमचं शरीर काम करतंय. काय काम ते मी नंतर नीट समजून घेतलं. जाळी आत गेल्यावर काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तारेला चिकटतात, म्हणजे पेशींना उघडं प्लास्टिक कधी भेटतच नाही, भेटतो तो प्रथिनांचा थर. मग आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज, तार गिळता येत नाही म्हणून ते एकमेकांत मिसळून मोठ्या राक्षसी पेशी होतात आणि तारेला चिकटून बसतात. त्यांच्या मागोमाग फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी येतात, आधी कच्चं तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन टाकतात, पुढं महिन्यांत त्याच्या जागी पक्कं पहिल्या प्रकारचं येतं. ती कडक दोरी म्हणजे हेच सगळं. शरीर या वस्तूला आपलं म्हणत नाही, शेवटपर्यंत परकीच मानतं, तारेभोवतीच्या त्या पेशी वर्षांनंतरही तिथंच सापडतात. पण त्या झगड्यातूनच भिंत बनते. अजिबात प्रतिक्रिया झाली नाही तर जाळी नुसती तरंगत राहील, फार झाली तर पत्रा होऊन दुखेल, मधलं हवं असतं. बायोकॉम्पॅटिबल शब्द मी आधी ऐकला की वाटायचं शरीराला कळतच नाही असं मटेरियल. तसं मटेरियल नाहीच.

दोरी हळूहळू मऊ झाली. टाक्याच्या खाली तळहाताएवढी जागा बधिर आहे, ती कमी होतेय. आता गोणी उचलतो, लांब खोकला आला तर आत ओढल्यासारखं होतं, बाकी काही नाही. एमआरआयचं विचारलं होतं, साध्या पीपीला चुंबकाचं काही नाही, करता येतो.

एक तक्रार आहे ती लिहितो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं मेश एक नग असं लिहिलं होतं. पाकिटात चिकटवायचे स्टिकर असतात, त्यावर मटेरियल, साईज, लॉट नंबर, मुदत सगळं असतं, ते माझ्या कागदांवर नव्हतं. मी अडून बसलो, काउंटरवर बरीच हुज्जत झाली, शेवटी फाईलमधल्यातला एक स्टिकर काढून माझ्या कार्डावर लावून दिला. उद्या काही त्रास झाला, दुसऱ्या गावात दुसऱ्या सर्जनकडं जावं लागलं तर आत काय आहे हे त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही, साधी पीपी जाळी एक्स-रेमध्ये दिसत नाही. देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम आहे, अशा वस्तूंचा त्रास तिथं कळवता येतो, पण लॉट नंबरच नसेल तर कळवणार काय? आमच्याकडं चटईच्या प्रत्येक गठ्ठ्यावर लॉट असतो हो. माणसाच्या शरीरात गेलेल्या वस्तूचा कागद त्याच्याकडं असलाच पाहिजे.

आणि मेशच्या, म्हणजे जाळीच्या, कोर्टात केसेस चालू आहेत म्हणून घाबरवणारे बरेच भेटले. त्यातल्या पुष्कळ बातम्या बायकांच्या अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायच्या जाळीच्या, त्यांची विक्री अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, एप्रिल २०१९ ला थांबवली. मटेरियल बऱ्याचदा तेच पीपी, पण जागा वेगळी, वरची ऊती पातळ, जंतूंचा वावर, तिथं ती बाहेर यायची. हर्नियाच्या जाळीवरही केसेस झाल्यात, कॅन्सर होतो असंही एक जण म्हणाला, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही.

आता रावेरच्या चुलतभावाची पाळी आहे. केळीच्या गाडीवर घड चढवून चढवून बेंबीचा हर्निया झालाय, वजनही वाढलंय, दुर्बिणीने करू म्हणालेत. त्याला मी सांगितलं, तुझं गणित वेगळं आहे, जाळी जर पोटाच्या आतून, आतड्याच्या बाजूने बसणार असेल तर साधी पीपी तिथं उघडी चालत नाही, आतडं तिला चिकटतं, पुढं भोकही पडू शकतं. तिथं एका बाजूला आवरण असलेली कॉम्पोझिट जाळी लागते, आतड्याकडची बाजू गुळगुळीत, भिंतीकडची बाजू चिकटणारी, आणि ती महाग. काही सर्जन दुर्बिणीनेच पण पडदा उचलून जाळी मधल्या थरात ठेवतात, मग साधी चालते. तर जाळी कोणत्या थरात ठेवणार, कोणत्या मटेरियलची, आवरण आहे का, हे विचार, आणि डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतीपासून केलेल्याही जाळ्या असतात, घरात कुणाला ते चालणार नसेल तर आधीच सांग. तंबाखू त्याची अजून सुटलेली नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या चार आठवडे आधीपासून बंद कर म्हणून सांगितलंय, वहिनी पुडी शोधून शोधून फेकतेय, आणि मी येत्या रविवारी रावेरला जाऊन त्याच्याजवळ बसणार आहे.